पाच राजं माझ्यावरच खवळल्यालं

आमच्या कॉम्प्युटर क्लासातला एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागनं दुसरा येतोय, त्याच्या मागनं तिसरा. सांगलीच्या विश्रामबागेतली एक खोली. मशीनं पाच, पोरं वीस, सर एक. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचं, मग आत. चार महिन्यांत एवढं साठलंय की चहाच्या गाड्यावर कुणी नुसतं 'क्लास' म्हणलं तरी माझं डोस्कं तापतंय. तुमी हसा. समदं माझ्या टाळक्यावर फुटल्यालं हाय, म्हणून तुमाला हसू येतंय.

मी विकास. समदी विक्या म्हणत्यात. गाव शिराळा. दहावीत गणित गेलं, इंग्रजी गेलं. आबांनी, म्हंजे वडलांनी, सांगलीला आत्याकडं आणून सोडलं आणि सांगितलं, ह्यो क्लास शेवटचा. इथनं काढलं तर सरळ मामाच्या पोल्ट्रीवर. पोल्ट्रीचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळंल, मी क्लासला एवढा का चिकटून व्हतो.

*

पयला दिवस. सरांनी गाव विचारलं. मी म्हणलं, शिराळा. सर एक पाऊल मागं सरकलं. आमच्या गावची जित्या नागाची नागपंचमी समद्यांना ठावं हाय, पण म्हणून गावातलं प्रत्येक पोरगं नाग घिऊन फिरतंय व्हय?

"पिशवी उघडून दाखव," सर म्हणलं.

वीस पोरांम्होरं उघडली. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक वही. पोरं खदाखदा हसली. मागनं कोणतरी फुस्स केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीबी. बाकी कुणाची पिशवी न्हाई, माझीच.

म्हणलं, एवढी वाट बघताय तर घ्या. बाजारातनं रबराचा साप आणला आणि सरांच्या कीबोर्डच्या कव्हराखाली गोल करून ठिवला. सरांनी कव्हर उचललं आणि खुर्चीवर चढलं. खुर्ची चाकाची. सर खुर्चीसकट दारापतोर गेलं.

हजेरीची वही सुनंदाकडं असायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. सुनंदा जतची. आज्याची मेंढरं अजून हायत. क्लासात समद्यात हुशार आणि समद्यात कमी बोलणारी. सरांनी तिला सांगितलं, विकासच्या नावापुढं लाल फुली मार. तीन फुल्या झाल्या की ह्याचा क्लास बंद.

ती फुली माझी. मान्य. आता पुढचं ऐका.

*

चार नंबरच्या मशीनला रंगीत मॉनिटर व्हता. प्रॅक्टिकल संपलं की त्यावर राज्यांचा गेम चालायचा. आपुन एक राजा आणि बाकीचं पाच राजं मशीन खेळतंय. ह्यात नुसती मारामारी न्हाई. त्या प्रत्येक राजाचं आपल्याबद्दल मत असतंय. भेटायला गेलं की त्याच्या चेहऱ्याखाली इंग्रजीत एक शब्द येतोय. सुनंदा डिक्शनरी बघून सांगायची, ह्यो खूश हाय, ह्यो सावध हाय, ह्यो खवळलाय.

माझ्यावर पाची खवळल्यालं.

त्यात पिवळा राजा लयच. ज्याची हद्द आपल्याला लागून, त्यो जास्त चिडतोय, असं सुनंदानं शोधून काढलं. मी म्हणलं, हात्तिच्या, ही तर भावकीची भानगड. बांध सोडला की मिटलं. हद्दीवरचं अख्खं शहर त्याला दिऊन टाकलं. पिवळ्यानं शहर घेतलं, दोन चाली हसला आणि त्याच शहरातनं माझ्यावर चालून आला.

"आमच्या चुलत्यानंबी असं केलं न्हवतं," मी म्हणलं.

"चुलत्याला तू शहर दिलं न्हवतंस," सुनंदा म्हणली.

*

आता प्रसन्न. विश्रामबागेतलाच, बंगल्यातला, केसाला तेल लावून भांग पाडणारा. ह्याच्यावर पाची राजं खूश. का, तर ह्यो दर चालीला प्रत्येकाला काहीतरी बारकं पाठवायचा. आज थोडं धान्य, उद्या दोन घोडी. सरांनाबी तसंच. बंगल्यातल्या झाडाचा एक पेरू, रोज, टेबलावर. सर म्हणायचं, "प्रसन्नकडून शिका जरा."

शिकलो. राजांना धान्य पाठवलं. तर पिवळ्याचा निरोप आला. सुनंदानं वाचला: एवढं देतोयस म्हंजे तुझ्या मनात काय तरी काळं हाय.

बरं, राजा तर राजा. मी आत्याच्या परड्यातल्या ओल्या शेंगा कापडात बांधून सरांच्या टेबलावर ठिवल्या. सर मागं सरकलं. प्रसन्नला बोलावलं आणि पट्टीनं गाठ सोडायला लावली. शेंगा निघाल्या. सर हसलं, प्रसन्न हसला, दोघांनी मिळून शेंगा खाल्ल्या. टरफलं मला भरायला लावली.

तवापास्नं मला शेंगा गोड लागत न्हाईत.

*

गेमात निळा राजा तेवढा माझ्याशी नीट वागायला लागला व्हता. वीस चाली मी त्याच्याशी केल्याला करार पाळला. एक सैनिक त्याच्या हद्दीत टाकला न्हाई. शेवटी त्याच्या चेहऱ्याखाली 'सावध' आलं. पाच राजांत एक सावध. माझी दिवाळीच.

मी पाणी प्यायला भायेर गेलो. माघारी येतोय तर प्रसन्न माझ्या खुर्चीवर. माझ्या नावानं निळ्यावर हल्ला करून वर सेव्हबी करून बसल्याला. म्हणतोय, "गंमत केली रे." पाची राजांचा निरोप एकदम आला, तू करार मोडणारा हाईस, तुझ्या शब्दाला किंमत न्हाई. आणि ही राजं इसरत न्हाईत. एकदा बसलं मनात की बसलं. बोट कुणाचं व्हतं, ते मशीनला काय ठावं?

मी प्रसन्नच्या बुडाखालची खुर्ची मागनं वढली. त्यो खाली. तेवढ्यात सर आत आलं. त्याच्या आधीचं काय त्यांनी बघितलं न्हवतं, आणि विचारलंबी न्हाई.

"सुनंदा, दुसरी फुली."

*

दुसऱ्या दिवशी मी सुनंदाला म्हणलं, नवीन डाव लावतो, शून्यापास्नं. आता कुणाचं काय वाकडं करत न्हाई. लावला. पयल्याच चालीला पिवळ्याला भेटलो. खवळल्याला.

अरं, मी अजून राज्याचं नावबी ठिवलं न्हवतं!

सुनंदानं गेम बंद केला आणि गेमच्या फ्लॉपीतली एक फाईल उघडली. साधी लिवल्याली फाईल. पाच राजं, पाच ओळी, प्रत्येकापुढं एक आकडा. राजाचं खेळणाऱ्याबद्दल सुरवातीला काय मत, त्यो आकडा. पाची शून्याच्या खाली.

"विक्या, तू खुर्चीवर बसायच्या आधीच हे लिवल्यालं हाय," ती म्हणली. "प्रसन्न भेटी दिऊन दिऊन वर चढला. त्याला तेवढा वेळ मिळाला."

मी तिला विचारलं, हजेरीच्या वहीतबी माझ्या नावापुढं पयल्या दिवशी काय लिवल्यालं हाय का. तिनं वही पुढं केली. नावापुढं, पयल्याच तारखेला, सरांच्या अक्षरात बारीक लिवल्यालं: शिराळा. लक्ष ठेवणे.

*

आता माऊसची गोळी. माऊसच्या पोटात रबराची जड गोळी असती, ती पोरं काढून न्हेत्यात आणि खेळत्यात. म्हणून सर दर शनिवारी पाची गोळ्या सोता काढायचं, रुमालात बांधायचं आणि पिशवीत घालून घरी न्ह्यायचं. सोमवारी परत बसवायच्या.

त्या सोमवारी चारच निघाल्या. चार नंबरचा माऊस रिकामा.

"शनिवारी चार नंबरवर शेवटी कोण होतं?" सरांनी विचारलं.

मीच व्हतो. पण गोळ्या न्हेल्या सरांनी, रुमाल सरांचा, पिशवी सरांची. म्या तसं बोलून दावलं. सर म्हणलं, उलट बोलू नकोस. शनिवारपर्यंत गोळी आण, नाहीतर तिसरी फुली. आणि मग माझ्या खिशापास्नं भाकरीच्या डब्यापतोर समदं तपासलं. प्रसन्न पेरू हातात घिऊन बघत व्हता.

संध्याकाळी आबांचा फोन आत्याच्या शेजाऱ्यांकडं आला. क्लास कसा चाललाय म्हणून. मी म्हणलं, चांगला. दुसरं काय सांगू?

*

त्याच आठवड्यात सरांना गेमची चटक लागली. सुनंदाला म्हणलं, माझ्या मशीनवर पण टाक, जरा तपासून बघतो. फ्लॉपी माझ्याकडं व्हती. सुनंदाकडं द्यायच्या आधी मी त्या फाईलीतल्या पाच आकड्यांना खाली वढता येतंय तेवढं वढलं. बास. बाकी कशाला हात लावला न्हाई.

सर रोज दुपारी डबा बाजूला ठिवून खेळायचं. शनिवार उजाडला. वीस पोरं जागेवर. सुनंदा वही उघडून, लाल पेन घिऊन बसल्याली. सर गेमात गुंतल्यालं, समद्यांकडं पाठ. अचानक त्यांनी माऊस आपटला.

"अरे, मी यांचं काय वाकडं केलंय? शहरं दिली, धान्य दिलं, एक करार मोडला नाही. पहिल्या दिवसापासून खवळलेलेच. आणि हा पिवळा म्हणतो, तुझ्या मनात काळं आहे. काय पाहिलंय यानं माझं?"

मी हुबा ऱ्हायलो. पोल्ट्रीचा वास नाकात आल्याला.

"सर," म्या म्हणलं, "पिशवी उघडून दाखवा."

सर लालभडक. "माझी पिशवी? माझी? घे, बघ. काय सापडतंय बघ." आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा पडला. चष्म्याचं घर पडलं. प्रसन्नचं दोन पेरू पडलं, एक नासल्याला. आणि तळातनं काहीतरी जड टप्पकन आलं, टेबलावरनं घरंगळलं, फरशीवर उडालं आणि ठक ठक ठक करत चार नंबरच्या मशीनखाली जाऊन थांबलं.

सर पिशवी तशीच उलटी धरून हुबं.

सुनंदा उठली. वाकून गोळी काढली, ओढणीला पुसली, चार नंबरच्या माऊसात बसवली, झाकण फिरवलं. मग जागेवर यिऊन वही सरळ केली आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"सर," ती म्हणली, "तिसरी फुली कुणाच्या नावापुढं?"