आप्पांनी लढाईतून काय आणलं

चुलतभावानं लातूरला नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला दारात आजोबांचं मोठ्ठं बॅनर लावायचं ठरवलं. आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, दुसऱ्या महायुद्धात जाऊन आले होते. घरात त्याचा सगळ्यांना अभिमान. बॅनरवाल्यानं मजकूर मागितला आणि आमची पंचाईत झाली. आप्पांनी तिकडं नेमकं केलं काय?

थोरले काका म्हणाले, "ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले." धाकटे काका म्हणाले, "छे, जर्मनीत. पटक्यानं एका जर्मनाला बांधून आणला." दोघंही ठाम, आणि दोघांचं एकमेकांशी जेवण होईपर्यंत बोलणं बंद. चुलतभाऊ म्हणाला, "कुठं का लढंनात, मागं रणगाडा टाकून देतो."

मला ते पटेना. आप्पांची थोरली लेक, आमची आत्या, भोकरजवळच्या एका खेड्यात राहते. म्हातारपणी आप्पा तिच्याकडंच होते. मी एसटीनं नांदेडला गेलो, तिथून भोकरची गाडी धरली आणि दुपारी आत्याच्या अंगणात जाऊन बसलो.

आत्या म्हैस सोडत होती. मी विचारलं, "आत्या, आप्पा कुठल्या देशात लढायला गेले होते?"

"नाव न्हाई बा ठावं," आत्या म्हणाली. "लई थंडी होती म्हनायचे. मटण खात न्हाईत म्हनून लोक हासायचे त्यायला. मंग शेवया खाऊन दिवस काढले. तिथल्या शेवया नळीवानी असतेत आन् त्याच्यात गूळ न्हाई, मीठ घालतेत. लई वंगाळ, म्हनायचे."

एवढं बोलून ती म्हशीकडं वळली आणि म्हणाली, "अवांती!"

म्हैस चालायला लागली.

"फेर्मा!"

म्हैस थांबली.

"हे काय गं आत्या?"

"म्हशीची भाषा. आप्पानं शिकविली. घरात जेवढ्या म्हशी झाल्या, समद्यायला हेच शिकविलं. दूध काढताना 'बेल्ला, बेल्ला' म्हनायचं. न्हाई म्हनलं तर पान्हा चोरती."

बेल्ला म्हणजे काय, हे आत्याला पक्कं माहीत होतं. महादेवाचा बेल. आप्पा पक्के शिवभक्त, दूध काढतानाही देव सोडत नव्हते. आत्याचा जावई उदगीरकडचा, तो म्हणायचा हे कानडी आहे, बेल्ला म्हणजे गूळ. म्हशीला गुळाची लालूच. ह्यावरून सासू-जावयाची दर सणाला जुंपायची.

मी मोबाइल काढला. त्यात भाषांतराचं अ‍ॅप होतं. आधी कानडी लावलं आणि आत्याला म्हटलं, "बोल ह्याच्यात." ती फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "बेल्ला!" आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "गूळ."

"जावयानं शिकविलं दिसतंय हिला," आत्या म्हणाली.

पण 'अवांती' म्हटल्यावर बाई गप्प झाली. तेव्हा माझ्या डोक्यात त्या नळीसारख्या खारट शेवया आल्या. मी इटालियन लावलं.

"अवांती!"

"पुढे चला."

"फेर्मा!"

"थांब."

"बेल्ला!"

"सुंदर."

आत्या म्हशीकडं बघतच राहिली. "सुंदर? म्हशीला?"

मी खुशीत येऊन अ‍ॅप उलटं केलं. मराठीतून इटालियन. फोन तोंडाशी धरून म्हणालो, "पुढे चला." फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "अवांती!" आणि म्हैस निघाली. आवाज परक्या बाईचा, शिवाय मोठा, त्यामुळं तिला काय वाटलं कोण जाणे, ती धावायलाच लागली. दावं आत्याच्या हातात, आत्या तिच्यामागं, मी आत्यामागं. "थांबीव तिला!" आत्या ओरडत होती. मी फोनला "थांब" म्हणायला गेलो, पण पळता पळता बोट भलतीकडं लागलं आणि बाई परत म्हणाली, "अवांती!" शेजाऱ्याच्या हरभऱ्यातून आम्ही तिघं पार गेलो. शेजारी बांधावर उभा राहून विचारत होता, "कामून पळून राहिले हो?"

शेवटी आत्यानंच "फेर्मा!" अशी आरोळी ठोकली आणि म्हैस उभी राहिली.

धाप टाकत आम्ही बांधावर बसलो. मग आत्याला हळूहळू आठवायला लागलं. आप्पा खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरावर गाड्या चढत नव्हत्या, म्हणून खेचरांवर दाणागोटा आणि दारूगोळा लादून वर न्यायचा. आपल्याकडची खेचरं मेली की तिथलीच घ्यायची. त्यांना आपली भाषा कशी कळावी? म्हणून आप्पाच त्यांची शिकले.

"बंदूक चालवली का कधी?"

"न्हाई म्हनायचे. खेचरानं लाथ घातली तेवढीच जखम." आत्यानं म्हशीचं दावं हाताला गुंडाळलं. "म्हनायचे, तिथं माझं ऐकनारं एकच होतं, लांब कानाचं, आन् त्याला मराठी येत नव्हतं."

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण ती एकदम उसळली, "पर माझ्या मायला जन्मात कधी सुंदर म्हनला न्हाई बघ हा मानूस!"

मी लातूरला येऊन सगळं सांगितलं. दोन्ही काकांचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघं म्हणाले, "तुझ्या आत्याला आता आठवत नाही." चुलतभावाला मात्र खेचर आवडलं. बॅनरवाल्याकडं खेचराचा फोटो नव्हता, म्हणून त्यानं वरातीतला पांढरा घोडा टाकला, झूल आणि तुऱ्यासकट. पुढं फेटा बांधलेले आप्पा, वर 'इटलीचे वीर'.

वास्तुशांतीला तीन-चार पाहुण्यांनी घोड्याचं भाडं विचारलं. आत्या बॅनरसमोर बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, "कान आखूड हायेत." मग आत जाऊन पुरणपोळी खाल्ली आणि म्हशीची वेळ झाली म्हणून दुपारच्या गाडीनं परत गेली.