सेकंदाला शंभर ठोके

दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या मधोमध बसलेलं कृष्णविवर आसपासचा वायू गिळतं आणि गिळता गिळता दोन्ही बाजूंना झोत फेकतं. त्या झोतांतून येणाऱ्या रेडिओलहरी मोजणं हा माझा पीएचडीचा विषय. अव्वा, म्हणजे माझी आई, नातेवाइकांना "ती रेडिओत आहे" एवढंच सांगायची. मग ते मला गाणी लावायला सांगायचे.

त्या उन्हाळ्यात दुर्बिणीचा डेटा लॅपटॉपवर घेऊन मी होटगीला घरी आले. भर दुपारी कूलरसमोर बसून बघते, तर सिग्नलमध्ये ठोके! एकसारखे, सेकंदाला शंभर. कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची वस्तू इतक्या झपाट्यानं लुकलुकू शकत नाही, हे मीच पोरांना शिकवायचे. पण शोध लागल्याच्या आनंदात ते सोयीस्करपणे विसरले. गाइडना ईमेल धाडली. त्यात "अनपेक्षित" हा शब्द तीनदा.

अप्पा रेल्वेच्या विद्युत खात्यातून निवृत्त झालेले. बनियनवर, कलिंगड खात माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"किती ठोके म्हणालीस?"

"सेकंदाला शंभर. बरोब्बर."

"मग ती आपली लाईट हाय की."

"अप्पा, ही दीर्घिका आहे!"

"तितं बी आपल्याच बोर्डाची लाईन हाय का? अगं, आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाती. दर हेलकाव्याला दोनदा जोर येतो. खांबावरची चिनीमातीची चिमणी, म्हंजी तुमचा इन्सुलेटर, फुटकी असली, की दर जोराला ठिणगी. ट्रान्झिस्टर घिऊन खांबाखालनं फिरा. जितं लई खरखर, तितं ठिणगी."

बोलता बोलता कलिंगडाची बी कीबोर्डवर पडली. मी त्या बीवरून भांडले, कारण बाकी भांडायला जागाच नव्हती.

संध्याकाळी गाइडचं एका ओळीचं उत्तर आलं : विजेचे खांब तपासलेस का? मी लिहिलं, "स्थानिक तज्ज्ञांशी चर्चा झाली आहे."

दुर्बिणीशेजारच्या उसात मोटारीला गेलेल्या लाईनवर फुटकी चिमणी सापडली. ती बदलल्यावर आम्ही पुन्हा निरीक्षणं घेतली, आणि चित्रात खराखुरा झोत उमटला. दिवाळीला मी तो अप्पांना दाखवला.

"दुसऱ्या बाजूचा कुटाय?"

"तो आपल्यापासून लांब चाललाय, म्हणून दिसत नाही."

"बरं. मग झालं का तुझं?"

"अजून दोन वर्षं."

अप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "चहा टाक गं. हिचं अजून दोन वर्षं हाय."