चुकेल त्यानं चहा करायचा

“भाऊजी, अतिशयोक्ती म्हणजे काय, सांगा बघू.”

ताईंनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच पंधरा-वीस तोंडं हसायच्या तयारीला लागली. एकीनं तर हातातला समोसा खाली ठेवला. ठसका लागू नये म्हणून.

मी उठून उभा राहिलो. शाळेत राहतात तसा. बाकीचे सोफ्यात बसून उत्तरं द्यायचे, मी उभा राहायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणलो, “अतिशयोक्ती म्हणजे ताई, सोयरीक जमवताना माझ्याबद्दल हिच्या बापाला जे जे सांगितलं ते सगळं.”

घर हाललं. ताईंचे मिस्टर, त्यांना सगळे सर म्हणतात, डोळे पुसत म्हणाले, “यार, भाऊजी म्हणजे कमाल आहे!” ताई म्हणाल्या, “चुकलं! चला, चहा.”

नियमच होता तसा. महिन्यातून एका शनिवारी दुपारी अमेरिकेतल्या ह्या कॅरी गावातली मराठी मंडळी ताईंच्या घरी जमायची. कुणीतरी कविता वाचायचं. मग एकेकाला विचारायचं, यात रूपक कुठं, अनुप्रास कुठं, प्रतिमा कोणती. ज्याला येणार नाही त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. खेळ हो, नुसता खेळ. दीड वर्ष हा खेळ चालला आणि दीड वर्ष चहा मीच केला. बाकीचे चुकत नव्हते असं नाही. ते चुकले की “थोडक्यात हुकलं.” मी चुकलो की आलं किसायचं.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. म्हणजे आवडायचं असं मी स्वतःला सांगायचो.

माझी लायकी आधीच सांगतो. सातवी नापास. नागपुरात अठरा वर्षं ऑटो चालवला. लग्न झालं तेव्हा बायको बारावीत होती, मी तिला ऑटोत बसवून कॉलेजात सोडायचो. ती शिकत गेली, मी सोडत गेलो. शिकता शिकता ती औषधांच्या कंपनीत लागली, आणि तिच्या मागं मागं मी आणि आमची पोरगी मैत्री इथं आलो. इथं मी तिच्या व्हिसावरचा नवरा. काम करायची परवानगी नाही. अठरा वर्षं नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये ऑटो घातलेला माणूस इथं गाडीच्या लेखी परीक्षेत दोनदा उडाला. कॅरीत गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. सकाळी बायको गाडी घेऊन गेली की मी खिडकीत. पार्किंगमधली कुठली गाडी कुणाची ते मला पाठ. फुटपाथ छान आहेत, पण त्यावर चालणारा मी एकटाच. एकदा एका गोऱ्या बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना?

म्हणून महिन्यातला तो एक शनिवार. घराबाहेर कुणाशी तरी मराठीत बोलायला मिळायचं. त्यासाठी चहा करायचा, तर करायचा.

आणखी एक होतं. सर बायकोच्या खात्याचे मुख्य. तिच्या व्हिसाच्या कागदांवर सही त्यांची. पहिल्यांदा जाताना गाडीतच ती म्हणाली होती, “तिथं जरा सांभाळून घे.” मी दारात सवयीनं “जय भीम” म्हणालो. ताई म्हणाल्या, “हो हो, नमस्कार.” पुढच्या महिन्यापासून मी नमस्कार म्हणायला लागलो.   त्यावरसुद्धा मी एखादा जोक केला असेल, आता आठवत नाही.

तर मैत्री. अकरा वर्षांची. रविवारी मराठी शाळेत जाते. तिथं अलंकार शिकवायला लागले होते, आणि तिनं कार्डं केली होती. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला अर्थ. संध्याकाळी ती मला कार्डं धरायला बसवायची. मी म्हणायचो, “बाळा, बापाला हे जमत नाही.” ती म्हणायची, “बाबा, जस्ट होल्ड द कार्ड.”

एका कार्डावर लिहिलं होतं चेतनगुणोक्ती. दुसऱ्या बाजूला, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते बोलते असं सांगणं.

“उदाहरण सांग, बाबा.”

माझी आई बिड्या वळायची. वळता वळता एक गाणं म्हणायची. तिचंच होतं. ते तोंडात आलं.

कैची म्हणे बाई वं, थकली माझी धार,
पोट म्हणे कैचीले, बांध अजून चार.

मैत्रीनं दोनदा म्हणायला लावलं. मग उडालीच. “बाबा! कैची इज टॉकिंग! पोट इज टॉकिंग बॅक! दॅट्स चेतनगुणोक्ती! अँड धार-चार, यमक! आजी न्यू ऑल धिस?”

आजीला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. अंगठाही तेंदूच्या पानानं इतका काळा, की शाईची गरज नव्हती. पण त्या रात्री मला कळलं, आमच्या घरात ह्या गोष्टी होत्या. नावं दुसऱ्यांच्या घरात होती.

मग मी वेडेपणा केला. पुढच्या शनिवारी आईचं गाणं म्हणून दाखवलं. छाती फुगवून. सगळे गप्प झाले. मला वाटलं, आवडलं.

ताई म्हणाल्या, “छान आहे हो. रॉ आहे. पण भाऊजी, तुमच्याकडच्या गाण्यात ना, अलंकार नसतात, आक्रोश असतो. दोन्ही वेगळं.” आणि सगळ्यांकडे बघत, “बरं, यात एखादा अलंकार आहे का, भाऊजी, तुम्हीच सांगा.”

मला येत होतं. जिभेवर होतं. पण पंधरा-वीस तोंडं पुन्हा तयारीत होती, आणि बायको चपलांच्या रॅककडे बघत होती. मी म्हणलो, “ताई, मी ऑटोवाला. मला डावं-उजवं तेवढं कळतं, तेही इथं येऊन उलटं झालं.”

फुटले सगळे. सरांनी पाठीवर थाप मारली. मी आलं किसलं. आईला मी स्वतःच्या हातानं त्या चहात उकळलं आणि वर विचारलं, साखर कुणाला कमी?

पुढच्या महिन्याची गोष्ट. त्या दिवशी मला विचारलंसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, “भाऊजींना कशाला विचारायचं, ते पाणी ठेवतीलच.” मी ठेवलं. इथली घरं उघडी असतात, स्वयंपाकघर आणि हॉल एकच. ओट्यापाशी उभं राहून सगळं दिसतं. सगळ्यांना तुम्हीही दिसता.

ताईंनी मुलांना वरून खाली बोलावलं. मुलांची परीक्षा जवळ आली होती. एकेकाला विचारत विचारत मैत्रीपाशी आल्या.

“मैत्री, चेतनगुणोक्ती म्हणजे काय गं?”

माझ्या हातात चहापत्तीचा डबा होता. मनात म्हणलं, आता बघा.

मैत्रीनं ताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ती उभी राहिली. इतर मुलं बसून बोलली होती. ही उभी राहिली. डोकं खाजवलं, माझ्यासारखं. आणि म्हणाली, “काकू, आय ओन्ली नो चहा.”

घर हाललं.

“बापावर गेली हो पोरगी!” कुणीतरी म्हणालं. बायकोसुद्धा हसली. तोंडानं. सर म्हणाले, “सो क्यूट!”

मैत्री वाकून सगळ्यांना सलाम केल्यासारखं करत माझ्याकडे आली. कप मांडायला लागली.

मी हळूच विचारलं, “तुला येत होतं ना?”

“येस.”

“मग?”

ती कपांवरून नजर न उचलता म्हणाली, “बाबा, दे लाइक इट व्हेन वी डोन्ट नो.”

मी आयुष्यात खूप शिव्या खाल्ल्यात. ऑटोवाल्याला सवारीही देते, पोलीसही देतो. पण इतकं साफ मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्डाच्या दुसऱ्या बाजूला लिहितात तसं. नाव मी, अर्थ ती. मी तिला काही शिकवायला बसलो नव्हतो, तरी ती शिकली होती. कुठं उभं राहायचं, डोकं कधी खाजवायचं, मान किती वाकवायची. अकरा वर्षांची पोरगी.

गॅस बंद केला. पाणी अजून उकळायचं होतं. हात पुसले, मैत्रीच्या हातातला कप खाली ठेवला आणि तिला घेऊन हॉलमध्ये आलो.

एक खुर्ची रिकामी होती. मी बसलो. तिला शेजारी बसवलं.

“काय भाऊजी, चहा झाला इतक्यात?”

“नाही झाला. ताई, तुम्ही विचारलं त्याचं उत्तर राहिलं. निर्जीव वस्तूला माणूस मानायचं, त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. माझ्या आईच्या गाण्यात कैची बोलते, पोट बोलतं, ती चेतनगुणोक्ती. धार-चार, यमक. मागच्या महिन्यातही मला येत होतं. आता मला एक सांगा. जित्या माणसाला वस्तू मानायचं, त्याला तुमच्यात काय नाव आहे?”

कुणी हसलं नाही. एक जण हसायला लागला आणि थांबला.

सर म्हणाले, “अरे यार, गंमत चाललीय. इतकं सीरियस काय होता?”

म्हणलो, “सर, चुकेल त्यानं चहा करायचा ना? मी चुकलो नाही. पाणी ठेवलंय. पत्ती ओट्यावर आहे.”

ताई उठल्या नाहीत. कुणीच उठलं नाही. त्या दिवशी चहा झाला नाही. पाच मिनिटांनी आम्ही तिघं निघालो. दारापर्यंत कुणी आलं नाही.

गाडीत बसलो. सिग्नलला बायको म्हणाली, “सोमवारी मला त्यांच्यासमोर बसायचंय.”

“माहीत आहे.”

“तुला काय, तू बोलून मोकळा झालास.”

तिचं खरं होतं. माझ्या तोंडाचं बिल तिच्या कागदांवर लागणार होतं. मी सॉरी म्हणालो नाही. म्हणलो असतो तर मागं बसलेलीनं तेही शिकून घेतलं असतं.

मोकळाबिकळा मी झालेलो नाही. अजून खिडकीतच बसतो. शनिवारचं बोलावणं बंद झालं, म्हणजे आता घराबाहेर महिन्यातून एकदाही मराठी नाही. बायकोच्या कागदांवरच्या सहीचं काय होतंय ते अजून कळलेलं नाही. ती रोज संध्याकाळी आली की मी तिचं तोंड बघतो.

जोक मी सोडणार नाही. ते माझ्या अंगातच आहेत, आणि माझ्यावर हसायला माझ्याइतकं कारण कुणाला आहे? पण मला येतं ते येत नाही असं मी ह्यापुढे कुणासाठी म्हणणार नाही. सहीसाठी नाही, सोबतीसाठी नाही. मैत्री ज्या खोलीत असेल त्या खोलीत तर मुळीच नाही. विचारलं तर उत्तर देईन. नाही विचारलं तरी देईन. बसून देईन.