मावशीने पुसलेली काच

माझी मावशी चष्मे बनवायची. सकाळी दुकान उघडलं की आधी स्टुलावर चढून दारावरच्या कॅमेऱ्याची काच पुसायची, तीही चष्म्याच्याच फडक्याने. "याला चष्मा कधी लावतेस?" म्हणून आम्ही तिची टिंगल करायचो.

त्या कॅमेऱ्यात एका संध्याकाळी माझा धाकटा मामा दिसला. समोरच्या गोदामाच्या रखवालदाराच्या डोक्यात तो पहार घालत होता. रखवालदार वाचला नाही. मामाला मावशीनेच लहानाचं मोठं केलं होतं.

चित्रणाची नक्कल कोर्टात चालायची, तर यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. हे कळल्यावर आमच्या घरातल्या शहाण्यांना कंठ फुटला. माझी आई तर हातापाया पडली. "ताई, सही करू नकोस. रक्ताचं पाणी करून वाढवलंस ना त्याला!"

मावशीने सही केली.

कोर्टात मामाच्या वकिलाने तिला विचारलं, "कॅमेरा जुना आहे. चित्र अंधूक येत असेल, नाही का?" चांगली पळवाट काढून दिली होती त्याने. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मावशीने मामाकडे सरळ पाहिलं. "काच मी रोज पुसते," ती म्हणाली. "त्या दिवशीही पुसली होती."

एवढीशी बाई, पण मला वाटलं, हिच्याकडे मान वर करूनच पाहायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ती फडकं घेऊन स्टुलावर चढली. स्टूल मी धरलं. काच तिनेच पुसली.