झालं म्हणेपर्यंत पान उलटायचं नाही

शेवटी मी "झालं" म्हणालो आणि ताईने पान उलटलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आपण रविवारच्या दुपारपासून सुरुवात करू, कारण त्या वेळी अजून काहीच घडलेलं नाही. मी दिवाणावर आडवा आहे, पोटात वांग्याचं भरीत जरा जास्त गेलंय आणि छातीवर 'कॅप्टन चक्री' या जुन्या चित्रकथा-मासिकाचा शेवटचा अंक पालथा पडलाय. आईने सकाळी दिवाणाचा खण आवरायला काढला, त्यात जुन्या चादरींखाली तो सापडला. रद्दीत टाकू का, असं तिने विचारलं आणि माझं तोंड बघून स्वतःच नको म्हणाली.

कॅप्टन चक्री दिवसा नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करतो. संकट आलं की तो स्वतःभोवती गरगर फिरून वावटळ होतो, आणि थांबला की त्याला उलटी होते. दर वेळी. बाकी कुठल्याच वीराला उलटी होत नसे, म्हणून हा आम्हाला आपला वाटायचा. त्याचा शत्रू प्रोफेसर पोकळे. पोकळेकडे खोडतोफ होती. तिचा झोत ज्यावर पडेल ते चित्रातून पुसलं जायचं आणि मागे कोरा कागद उरायचा. शेवटच्या अंकात पोकळे अख्खं शहर खोडत सुटतो, चक्री पाण्याच्या टाकीवर अडकतो आणि 'आता पुढे काय?' असं आम्हालाच विचारून मासिक कायमचं बंद पडतं.

हे अंक मी आणि शलाकाताई एकत्र वाचायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, भराभर वाचणारी. मी जाहिराती वाचायचो, तळाशी बारीक अक्षरात छापलेला मुद्रकाचा पत्ताही वाचायचो. त्यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा बाबांनी नियम घालून दिला: पान ताईने उलटायचं, पण मी 'झालं' म्हणेपर्यंत नाही. आमच्या घरात पुष्कळ नियम मोडले गेले. हा कधीच नाही.

ताई गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. चक्रीच्या एकाही अंकात कुणी डास चावून मेलं नव्हतं. तिथले शत्रू निदान आधी येऊन नाव सांगायचे, हसायचे, बेत समजावून द्यायचे.

पंखा फिरतोय. मी डोळे मिटलेले नाहीत, फक्त पापण्या खाली ठेवल्यात. पंख्याचा आवाज जाड होत जातो, मग तो गाडीच्या इंजिनाचा आवाज होतो, आणि कुणीतरी माझ्या पायावर चापट मारतं.

"सरक की जरा. सगळा बाक तुझ्या बापाचा आहे का?"

"तुझ्याही," मी म्हणतो आणि सरकतो.

ताई बसते. दिवाण आता बार्शीच्या एसटी स्टँडवरचा बाक आहे, पेपरच्या स्टॉलसमोरचा. तिने शाळेचा निळा फ्रॉक घातलाय, दोन वेण्या घातल्यात, पण उजव्या हाताच्या पाठीवर सलाईनची पांढरी चिकटपट्टी आहे. मी त्या पट्टीकडे बघत नाही. ती माझ्या छातीवरून अंक उचलते, मांडीवर पसरते, आणि त्यात आम्हीच असतो: बाक, ताई, मी, मांडीवर अंक. वर पिवळ्या चौकटीत लिहिलंय, 'इकडे बार्शीत, त्याच वेळी...'

पानाच्या डाव्या कडेपासून पांढरं यायला लागलंय.

आधी मुतारीकडचा बाण जातो. मग सोलापूरची गाडी, प्रवाशांसकट, आणि प्रवासी खिडक्यांतून शेवटपर्यंत सुट्ट्या पैशांवरून भांडत असतात. मग चौकशीची खिडकी जाते. आतला माणूस जात नाही, कारण तो जागेवर नव्हताच.

"झालं?" ताई विचारते.

"थांब. जाहिरात वाचतोय."

जाहिरात घरबसल्या टपालाने सिंहाशी मैत्री करायला शिकण्याची आहे. मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो. ताई हात पानाच्या कोपऱ्यावर ठेवून बसलीय, पूर्वी बसायची तशीच. तिने घरचं विचारलं म्हणून मी सांगत सुटतो. आई आता टीव्हीचा आवाज मोठा ठेवते. माझी नोकरी लागली, साहेबाला माझे विनोद कळत नाहीत, त्यामुळे तो मला गंभीर मुलगा समजतो. बाबा रोज सकाळी ताईची स्कूटर चालू करतात आणि पाच मिनिटांनी बंद करतात. बॅटरी उतरू नये म्हणून. कुठे जात नाहीत.

ताई पानाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करते. मग म्हणते, "त्यांना सांग, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन या."

बाक तोच आहे, पण स्टँड नाही. दवाखान्याचा व्हरांडा आहे, फिनेलचा वास आहे, दारावर शिट्टीवाला राखणदार आहे. एका पेशंटजवळ एकच माणूस थांबेल असं तो बजावतो. मी त्याला सांगतो की आमच्यात पेशंट कोण ते अजून ठरलेलं नाही. तो हसत नाही. त्याच्या मागून पांढरं येतं, आधी त्याची शिट्टी जाते, मग तो जातो. व्हरांडा एकेक फरशी करत आमच्याकडे कमी होत येतो.

"ताई, तुझा पाय."

तिचं डावं पाऊल नाही. बुटासकट नाही. तिथे कागद आहे, चांगला गुळगुळीत.

"बघितलं मी," ती म्हणते. "तू वाच सावकाश. घाई कुठाय."

हा टोमणा आहे, मला कळतो. मी तिला विचारतो की हे थांबवता येणार नाही का, आणि ती मला समजावून सांगते, जसं लहानपणी हातचा घ्यायला समजावायची. हे पान खोडलं जाणारच. पानावर जे बसलंय तेही.

"आणि उलटलं तर?"

"तर मी पुढच्या अंकात."

"पुढचा अंक निघालाच नाही. मासिक बंद पडलं."

"म्हणून तर," ताई म्हणते. "जे छापलंच नाही ते पोकळे खोडणार कसं?"

हे पोकळेला सुचलं नसावं. मी म्हणतो की मग मीही येतो.

"तू कुठे येतोस? तुझं अजून सगळं वाचायचंय."

वारा सुटतो. आम्ही पाण्याच्या टाकीवर आहोत, खाली बार्शी असायला हवी तिथे पांढरं आहे, आणि ते जिना चढून वर येतंय. कठड्याला धरून कॅप्टन चक्री ओकतोय. आम्ही दोघं सभ्यपणे दुसरीकडे बघतो. तो तोंड पुसून वळतो आणि लिंबू आहे का विचारतो. नाही म्हटल्यावर तो ताईकडे बघतो, तिच्या गुडघ्यांकडे बघतो, जे आता नाहीत, आणि टोपी काढून हातात धरतो. हे मला आवडत नाही. वीराने टोपी काढायची नसते.

"झालं?" ताई विचारते.

मी मुद्रकाचा पत्ता वाचतोय. गल्ली, पेठ, पिनकोड. पिनकोड मी आकडा आकडा वाचतो. पांढरं तिच्या कमरेशी आहे. डावा खांदा जातो. मग झोत उजवीकडून येतो, कोपरापाशी तिचा हात तुटतो, आणि खालचा हात तेवढा हवेत उरतो, चिकटपट्टीसकट, बोटं पानाच्या कोपऱ्यावर. आता चिकटपट्टीची एक कड विरायला लागते. बोटं गेली तर पान उलटायला काही राहणार नाही.

"तू उलट," मी म्हणतो. "माझ्यासाठी थांबू नकोस. उलट ना."

"नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम. बाबा कुठे बघतायत?"

ताई हलत नाही. मला ही पोरगी माहीत आहे. खेळताना आऊट झाली की कुणी न सांगता बॅट ठेवून जायची. ती इथे बसून पूर्ण खोडली जाईल, पण माझ्या आधी पान उलटणार नाही. तिचे ओठ अजून आहेत, डोळे आहेत, एका वेणीची रिबीन आहे. चिकटपट्टी गेली. अंगठा जायला लागलाय.

पत्ता संपलाय. खाली एक रेघ आहे. मी ती रेघही वाचतो. रेघेनंतर काही नाही.

"झालं," मी म्हणतो.

मी नीट म्हणतो, तिला दुसऱ्यांदा विचारावं लागू नये असं. तिची दोन बोटं कोपरा उचलतात. कागदाचा तो आवाज होतो, आणि पानाबरोबर वारा, टाकी, चक्री, सगळं एका बाजूला कलतं. कललेल्या कडेवरून ताई म्हणते, "शाबास रे कासवा," पुढे आणखी काहीतरी म्हणते, पण ते पलीकडच्या पानावर आहे.

पंखा फिरतोय. दारात आई उभी आहे. ती म्हणते की मी घोरत होतो, आणि मग म्हणते की नाही, बोलत होतो. चहा टाकू का म्हणून विचारते, आणि मग तिचं लक्ष जातं.

"अंगठ्याला काय लावून घेतलंस?"

उजव्या अंगठ्यावर निळी शाई आहे, ओली, चमकणारी. मी छातीवरचा अंक उचलतो. कागद पिवळा पडलाय, रंग विटलेत. दुसऱ्या हाताने एकेक चित्र घासून बघतो. काही निघत नाही. छापून इतकी वर्षं झालेल्या अंकाची शाई हाताला लागत नसते. ती लागते फक्त ताज्या अंकाची, गठ्ठा नुकताच सोडलेला असताना.

आई साबण आणायला जाते. मी तिला नको म्हणतो.

सबब, 'कॅप्टन चक्री' या मासिकाचे माननीय संपादक व प्रकाशक (दोघेही सध्या दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत) यांना विनंती करण्यात येते की, न छापलेल्या पुढील अंकात कु. शलाका दिनकर बारबोले यांचे डावे पाऊल, दोन्ही गुडघे, डावा खांदा व उजवा हात पूर्ववत काढून देण्यात यावेत, आणि हे काम पेन्सिलीने न करता शाईने करण्यात यावे.