न चिरलेली काकडी

तुम्ही कधी एकट्यानं अख्खा लाल भोपळा संपवलाय का?

मी संपवलाय. एकदा नाही, चारदा. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी घारगे. चौथ्या दिवशी आपण आणि भोपळा एकमेकांकडे नुसते बघत बसतो.

किश्शांचंही तसंच आहे. वेलावर एकच भोपळा दिसतो, तो तोडायला वाकावं तर पानांखाली आणखी तीन. आमच्या कोपरीच्या मुलींच्या शाळेतले किस्से असेच साठत गेले. घरी सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. मोठी माणसं तीनच. मोठ्या बाई यमुनाबाई, ब्राह्मण, लहानपणीच विधवा झालेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, सोवळ्याच्या कडक. दुसरी हिराई कोळीण. ती सकाळी मासळी विकायची आणि मग घरोघर फिरून मुली गोळा करून शाळेत आणायची. तिसरी मी, मार्था. जातीनं किरिस्ताव, मुंबईच्या कॉन्व्हेंटात हायस्कूलपर्यंत शिकलेली, म्हणून गणित आणि इंग्रजी अक्षरं माझ्याकडे.

माझे यजमान मिंगेल रेल्वेत गार्ड होते. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

*

मी मासळी सोडली ती पापपुण्यासाठी नाही. पापलेट आणलं की मी त्याचे दोन भाग करायची. डोक्याकडचा मिंगेलचा, शेपटीकडचा माझा. ते गेल्यावरही हात दोनच भाग करायचा. पंधरा दिवस डोक्याकडचा भाग मी मांजराला घातला. सोळाव्या दिवशी हिराईला म्हटलं, "उद्यापासून नको."

मग परसात भोपळा, काकडी, वाल, माठ लावले. भाजीचं एक बरं असतं. तिचे दोन भाग करावे लागत नाहीत. वेलाला घरात माणसं किती ते कळत नाही, तो आळीभर देत सुटतो. सालं, देठं शेजारच्या गाईला जायची, गाईचं शेण माझ्या वेलांना यायचं. वर्षभरात माझा गुडघा दुखायचा थांबला. पोट हलकं राहू लागलं.

फक्त मिंगेलचा पाट भिंतीला टेकवलेला तसाच राहिला. कुणीतरी येऊन तो खाली मांडावा आणि माझ्याबरोबर दोन घास खावेत, एवढं एकच मनात होतं.

हिराईला माझं भाजी खाणं मुळीच पटलं नाही. तेव्हा आमचे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. तिला वाटलं, त्यासाठीच. ईस्टर झाला. ती पाटी घेऊन दारात हजर.

"बाय, सुटला ना उपास?"

"नाही गं. मी आता खातच नाही."

ती गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. श्रावण आला, नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, तेव्हा मात्र तिनं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "बाय, खरं सांगा. औंदा तुमचा पाद्री इसरला काय, उपास संपला म्हनून सांगायला?"

*

पाद्री विसरले नव्हते. उलट त्यांच्या कानावर भलतंच गेलं होतं. मार्था मांसमच्छी खात नाही, शाळेत ब्राह्मणीण मोठी बाई आहे, म्हणजे मार्था धर्म सोडणार! एका रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर ते चौकशीसाठी घरीच आले.

आत येऊन त्यांनी आधी भिंतीवरचा क्रूस पाहिला. तो जागेवर होता. मग म्हणाले, "भाजी खाण्यात पाप नाही. पण मनात काय आहे?"

"मनात काही नाही, पाद्री. चुलीवर भोपळा आहे."

ओलं खोबरं आणि गूळ घालून केला होता. त्यांनी उभ्याउभ्या वाटीभर खाल्ला. 'बसा' म्हणून मी पाटाकडे हात केला, पण त्यांना आणखी दोन घरी जायचं होतं. जाताना मी त्यांच्या माणसाकडे एक भोपळा दिला.

पुढच्या रविवारी तोच माणूस रिकामी पिशवी घेऊन दारात. म्हणाला, "पाद्रींनी सांगितलंय, शंका अजून पुरती फिटली नाही. आणखी एक तपासावा लागेल."

*

आता शाळेतली मधली सुट्टी. यमुनाबाई दुपारी जेवत नसत, घरून आणलेलं दूध पीत. तेही कुणाची नजर नको म्हणून पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून. मी माझा डबा पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून खायची. हिराई दाराबाहेर, ओसरीच्या टोकाला. तीन माणसांची तीन दिशांना तोंडं. चौथ्या बाजूला फळा. मुलींनाही तीच सवय लागली होती. कोण कुणाच्या जातीचं ते न विचारता कळायचं, सुट्टीत तोंड कुठल्या भिंतीकडे ते पाहिलं की झालं.

एका एकादशीला यमुनाबाई कविता शिकवता शिकवता टेबल धरून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. मी माझ्या पिशवीतली काकडी काढली, घरच्या वेलाची, आणि सुरी शोधू लागले.

"चिरू नका," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "मीठ तर मुळीच लावू नका. झाडावरून आली तशीच असू द्या. पायरीवर ठेवा, मी उचलते."

मी ठेवली. त्यांनी उचलली, आपल्या तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं, कडकन मोडली आणि खाल्ली. रंग परत आला. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "शिजवलेल्याला विटाळ लागतो, मार्थाबाई. काकडीला नसतो."

दारातून हिराई म्हणाली, "मंग तुमच्यासंगं मी पन काकडी खाल्ली तं चालंल काय?"

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. "चालेल. पण दुसरी काकडी."

त्या दिवसानंतर आमचा एक नेमच झाला. जे शिजवावं लागत नाही ते आणायचं. पेरू, केळी, उसाची कांडकी, हरभऱ्याचे डहाळे, करवंदं. तिघी ओसरीवर, हातभर अंतर ठेवून, पण तोंडं एकमेकींकडे. आठवड्याभरात मुलींनीही भिंती सोडल्या. मांसमच्छीनं, भातानं, अगदी पाण्यानंही जे जमलं नाही, ते हरभऱ्याच्या डहाळ्यांनी जमवलं. हे मी स्वतः पाहिलंय.

*

शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर आले ते नेमके सुट्टीत. ओसरीवर पन्नास मुली, तीन बायका आणि मधोमध शेंगांचा ढीग.

"हे काय चाललंय?"

यमुनाबाई शांतपणे उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "वस्तुपाठ, साहेब. आजची वस्तू, वाटाणा."

साहेबांनी एका मुलीला विचारलं, "वाटाण्याचा उपयोग काय?"

ती म्हणाली, "साहेब, दाणा आम्ही खातो, साल गाईला, आणि एक राखून ठेवला की पुढच्या वर्षी पुन्हा एवढे."

साहेब खूश झाले. त्यांनीही चार शेंगा सोलल्या. महिन्याभरानं रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं: 'वस्तुपाठाची पद्धत उत्तम. मात्र पाठ संपल्यावर वस्तू शिल्लक राहत नाही, याकडे लक्ष द्यावे.'

*

माझे धाकटे दीर कल्याणला रेल्वेत फिटर. त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. पंगतीत डुकराचं मटण, कोंबडी, सगळं होतं. जाऊबाईनं माझ्यासाठी वेगळा भात आणि वाटीभर डाळ आणली, ती अशी हळुवार ठेवली की शेजारची म्हातारी माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप कधीपासून आहे?"

सगळे हसले. मीही हसले. मग जेवणं रंगली आणि माझ्याशी बोलायचं राहून गेलं.

परत येताना कल्याणच्या बाजारात एक ठाकरीण शेवळं घेऊन बसली होती, टिटवाळ्याच्या रानातून आणलेली. पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे ते जांभळट कोंब. मी विचारलं, "कंद नाही आणलास?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कंद खनला तर पुढल्या साली काय खाशील?"

तिनं शेवळांबरोबर मूठभर हिरवी आंबट फळंही दिली. काकडं म्हणतात त्यांना. मला वाटलं, वर दिलीत तोंडात टाकायला. वाटेतच आगगाडीत खाऊन टाकली. घरी येऊन शेवळं तशीच शिजवली. ज्यांना माहीत आहे ते आता हसत असतील. काकडं भाजीतच घालायची असतात, नाहीतर शेवळं घशाला खाजतात.

खाजली. घसा आतून कुणी चिंचेच्या फोकानं झोडल्यासारखा झाला. गूळ खाल्ला, ताक प्याले, सकाळी जरा बरं वाटलं, शाळेत गेले. प्रार्थना सुरू झाली, मी तोंड उघडलं, तर आवाजच नाही.

म्हणजे तो आदल्या संध्याकाळीच गेला असणार. घरी बोलायला कुणी नाही, त्यामुळे मला पत्ताच नव्हता.

मी पाटीवर लिहून दाखवलं. यमुनाबाईंनी वाचलं आणि मुलींना सांगितलं, "मार्थाबाई आज बोलणार नाहीत." ओसरीवरून हिराईनं कपाळावर हात मारला. "उपास व्हता तोच सुटंना, त्याच्यावर आता मौन बी धरलं काय?"

दुसऱ्या दिवशी मात्र हिराईच काकडं घेऊन आली. तिच्या सासूच्या हातचं शेवळाचं प्रमाण तिनं मला पाचदा म्हणून दाखवलं आणि मी ते फळ्यावर लिहून घेतलं. मुलींनी तो वस्तुपाठ समजून वहीत उतरवला.

*

मग यमुनाबाईंचं जायचं ठरलं. नाशिकला त्यांचे भाऊ होते, त्यांनी बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशी शाळा सुटली, मुली पाया पडून गेल्या. ओसरीवर आम्ही तिघीच. शेवटचे पेरू होते, ते कुणी खाईना.

सहा वर्षं जे घशात होतं ते मी बोलून टाकलं. "उद्या गाडीवर जायच्या आधी माझ्याकडे जेवायला या. साधी भाकरी आणि भोपळ्याची भाजी. मांसमच्छीचा माझ्या भांड्यांना सहा वर्षांत स्पर्श नाही."

यमुनाबाईंनी हातातला पेरू खाली ठेवला. "मला ठाऊक आहे, मार्थाबाई. तुमचं स्वयंपाकघर आमच्या कितीतरी घरांपेक्षा स्वच्छ आहे." मग म्हणाल्या, "पण मी भावाच्या घरी चाललेय. उद्यापासून त्याच्या चुलीचं खायचंय. त्यानं विचारलं तर खोटं नाही बोलता यायचं."

"नाही, ते खरंच आहे," मी म्हटलं.

"एक भोपळा मात्र द्या. देठासकट."

"देते."

मी पिशवी आवरू लागले. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून मान खाली. तेवढ्यात ओसरीच्या टोकावरून हिराई म्हणाली, "बाय, एक इचारू?"

"विचार."

"सा वर्सं झाली. तुमच्या दारात मी रोज उभी ऱ्हाते. माशाची पाटी घेऊन यायची, ती बंद केली, तरी येते. मना कवा 'जेवाला ये' म्हनला नाय."

मला काही बोलता येईना. या वेळी शेवळं खाल्लेली नव्हती.

"मासली लागतेच असं नाय मना," ती म्हणाली. "भोपला बी खाते मी."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराई पाय धुऊन आत आली, तिनं भिंतीचा पाट खाली मांडला आणि माझ्याशेजारी जेवायला बसली. यमुनाबाईंची बैलगाडी स्टेशनकडे जाताना दाराशी थांबली. मी देठासकट भोपळा गाडीत ठेवला. त्या खाली उतरल्या, उंबरा ओलांडून आत आल्या, हिराईसाठी चिरून ठेवलेल्या काकडीची मीठ लावलेली एक फोड माझ्या हातून घेऊन खाल्ली, आणि साडेनवाच्या गाडीनं गेल्या.