मंदाला न सांगितलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. मिरकरवाड्याच्या बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. एक पाटी मासे विकताना मी दहा जणांना गप्प करते. आणि एक साधं वाक्य मला पंधरा वर्षं बोलता आलेलं नाही.

मंदा माझी धाकटी जाऊ. डोंगराकडच्या गावातली, भातशेतीत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा बांगडा कुठून धरायचा हेही तिला माहीत नव्हतं. मीच शिकवलं. वैनी म्हणेल ते खरं, असं तिचं होतं. तिला तिसरा महिना लागला होता, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी सूर्यग्रहण आलं.

आमच्याकडे गरोदर बाईने ग्रहणात कोयतीला हात लावायचा नाही. काही चिरलं की पोराचा ओठ चिरलेला येतो म्हणतात. सासूने मंदाला बजावलं आणि ती माळ घेऊन देवाजवळ बसली. तेवढ्यात आमच्या होडीचे बांगडे आले — पाट्यांवर पाट्या. ग्रहणामुळे बंदरावर गिऱ्हाईक नाही. चिरून मीठ भरलं नाही तर सगळा माल फुकट. मी एकटी किती चिरणार? मंदाला मागच्या पडवीत बोलावलं. "ये गो, कोण बघतंय?" — एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसली आणि कोयती घेऊन बसली.

पोर झालं ते फाटक्या ओठाचं.

सासूने विचारलं, ग्रहणात काय चिरलंस? मंदाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याच आंघोळीचं पाणी तापवत होते — चुलीत लाकूड सारत राहिले. मग तीच म्हणाली, "मीच चिरले बांगडे, आई. माजा चुकला." माझं नाव घेतलं नाही. आजपर्यंत नाही.

एवढंच असतं तर बरं होतं. खरी गोष्ट — थांबा, सांगते.

पोर पाच महिन्यांचं झालं तेव्हा ओठ शिवायला इस्पितळात नेलं. मंदा आत, भुकेल्या पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. डॉक्टरीणबाई बाहेर मला म्हणाल्या, ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. असं कुणाच्याही बाळाला होतं. आईच्या हातून काही चुकलेलं नाही, मनाला लावून घेतलंय तिने — तिला हे नक्की सांगा.

मी मान डोलावली. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे माझ्या हाकेने काही झालेलं नव्हतं. आणि मंदा समोर दारातून दिसत होती. चार पावलं.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती आनंदाने घरी येऊन सासूला सांगती. मग त्या दुपारचा विषय निघता. मग — बोलावलं कुणी, हेही निघतं. मी भ्याले. सासू जाऊनही आता किती वर्षं झाली. मग आता कुणाला भ्यायचं?

गल्लीत कुणाला दिवस गेले की अजून म्हणतात, मंदासारखं करू नको हो. डोहाळजेवणाला ती आपणहून मागे बसते. पोर गुणी आहे, दहावीला आहे, ओठावर जेमतेम रेघ उरलीय. तो दुपारचा झोपला की ती त्या रेघेवरून बोट फिरवते. मी बघते आणि कामाला लागते.

माझी लेक पोटुशी होती तेव्हा दिवाळीत संध्याकाळचं ग्रहण आलं. मंदा न बोलावता आली. लेकीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर धरून बसली — पोरीने चुकूनसुद्धा काही चिरू नये म्हणून. पाय बधिर झाले तरी हलली नाही. "माज्या हातना जा झाला ता हिच्या हातना नको, वैनी," म्हणाली.

मी उंबऱ्यात उभी होते. वाक्य तोंडात होतं. तेव्हा तरी?

ग्रहण लागलेला सूर्य तसाच समुद्रात बुडाला. मंदाने लेकीचे हात सोडले, बोटं मोकळी केली आणि माझ्याकडे बघून हसली — त्या दुपारी पडवीत हसली होती तशीच. मी तिला चहा करून दिला.